दीडशे मैलांची वाट आणि तिचे अनेक धनी : ग्रेट ॲलेगेनी पॅसेजचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दक्षिण सीमेजवळ एका जुन्या रेल्वे बोगद्याचे दोन्ही तोंडांवरचे दरवाजे दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास बंद केले जातात आणि एप्रिल उजाडेपर्यंत ते उघडले जात नाहीत. बिग सॅव्हेज नावाचा हा बोगदा ३,२९४ फूट, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी हिवाळ्यात गोठले की फुगते आणि आतल्या अस्तराला तडे पाडते. दरवाजे लावून बाहेरची हवा अडवली की आत बर्फ धरत नाही. सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्चून दुरुस्त केलेला बोगदा वाचावा म्हणून दीडशे मैलांची सलग वाट वर्षातले तीन-साडेतीन महिने एका जागी तुटू द्यायची, असा हा हिशेब आहे. मनोरंजनाच्या वाटांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा उद्घाटनाच्या फितीपाशी थांबते. प्रस्तुत अभ्यासाचा भर मात्र फीत कापल्यानंतरच्या वर्षांवर असल्यामुळे या बंद दरवाजांपासून आरंभ केला आहे.

ही वाट म्हणजे ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. मेरीलँड राज्यातील कंबरलँड या गावापासून पेनसिल्व्हेनियातील पिट्सबर्ग शहरात तीन नद्यांच्या संगमावर असलेल्या पॉइंट स्टेट पार्कपर्यंत ती १५० मैल, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटर जाते. पायी चालणारे, धावणारे, सायकलस्वार, चाकाच्या खुर्चीवरून येणारे, बर्फ पडल्यावर स्की लावून जाणारे आणि काही ठरावीक टप्प्यांत कडेच्या गवतावरून जाणारे घोडेस्वार, या सर्वांसाठी ती विनामूल्य खुली आहे. कंबरलँडला ती चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने जाणाऱ्या १८४.५ मैलांच्या वाटेला मिळते आणि त्यामुळे पिट्सबर्गहून थेट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत सव्वातीनशे मैलांहून अधिक प्रवास मोटारींची वर्दळ टाळून करता येतो. मध्ये ॲलेगेनी पर्वतरांग आडवी आहे आणि वाटेचा सर्वांत उंच बिंदू २,३९२ फुटांवर आहे, तरीही ही वाट लहान मुले आणि साठी ओलांडलेली माणसेही पार करतात, कारण चढ रेल्वेने आखलेला आहे. कंबरलँडकडून सुमारे २४ मैलांत सतराशे फुटांहून अधिक चढावे लागते, पण चढाचे प्रमाण शंभराला पावणेदोनच्या आसपासच राहते. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना बोरघाटात आगगाडी ३७ फुटांमागे एक फूट चढते, म्हणजे शंभराला सुमारे २.७, त्या मानाने हा चढ बराच सौम्य आहे.

वाट दोन राज्यांतून आणि पाच काउंटींतून (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांतून) जाते, आणि तिचा एकच एक मालक नाही. अशी वाट उभी कशी राहिली हा पहिला प्रश्न आणि ती वर्षानुवर्षे कोण राखते हा दुसरा, अधिक अवघड प्रश्न. माझ्या वाचनानुसार दोन्हींचे उत्तर एकाच निर्णयात सापडते. जमिनीची मालकी आणि रोजची देखभाल स्थानिक संस्थांच्या हाती तुकड्यातुकड्यांनी राहू देण्यात आली, आणि एका छत्राखाली फक्त तेवढेच आणले गेले जे एकेकट्या तुकड्याला झेपणारे नव्हते: नाव, नकाशा, मोठा निधी आणि सरकारदरबारचे बोलणे. या निर्णयाची किंमतही मोजावी लागली, आणि तिचा विचार पुढे येईलच.

जमिनीची पट्टी

वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१० ते १९१२ या काळात कंबरलँडहून कॉनल्सव्हिलपर्यंत सुमारे ८६ मैलांचा मार्ग बांधला. त्याच खोऱ्यातून, बहुतेक ठिकाणी नदीच्या पलीकडच्या काठाने, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा मार्ग आधीपासून होता. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या तोवर दोन मार्गांना अर्थ होता. पण १९७३ साली चेसी सिस्टिम या नावाखाली दोन्ही एकाच मालकीच्या झाल्यावर समांतर रुळांची एक जोडी अनावश्यक ठरली आणि १९७५ मध्ये वेस्टर्न मेरीलँडचा या भागातील बहुतेक मार्ग बंद करण्यात आला. रूळ उचलले गेले, पण त्याखालची भरावाची पट्टी, मोऱ्या, बोगदे आणि दऱ्यांवरचे पोलादी पूल तसेच उरले.

रेल्वेच्या पट्टीची खरी किंमत तिच्या सलगपणात असते. मधला शंभर फुटांचा तुकडा कोणी कुंपणात घेतला, तर दोन्ही बाजूंच्या मैलांना तुटक पायवाटेचीच किंमत उरते, आणि तोच तुकडा परत मिळवताना मोजावे लागणारे पैसे मूळ पट्टीच्या दराशी काही नाते ठेवत नाहीत. हे ओळखून वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने १९७८ मध्ये कॉनल्सव्हिल ते कॉन्फ्लुअन्स या दरम्यानची पंचवीस मैलांहून अधिक लांबीची पट्टी विकत घेतली. पुढे ती राज्याकडे गेली आणि १९८६ मध्ये ओहायोपाइल स्टेट पार्कमध्ये पहिले नऊ मैल खुले झाले. हा टप्पा जाणूनबुजून निवडलेला असो वा नसो, निवड उत्तम होती. येथे यॉकिगेनी नदीचे फेसाळ, खळाळते पाणी आहे, धबधबा आहे, आणि पर्यटकांचा राबता आधीपासूनच होता. (नदीचे इंग्रजी स्पेलिंग पाहून परगावचे लोक अडखळतात, स्थानिक लोक तिला नुसते ‘यॉक’ म्हणतात.) नऊ मैलांवर झालेली गर्दी हाच पुढच्या एकशे एक्केचाळीस मैलांसाठीचा मुख्य युक्तिवाद ठरला.

दरम्यान कायदा बदलला होता. राष्ट्रीय ट्रेल प्रणाली कायदा १९६८ चा. त्यात १९८३ मध्ये दुरुस्ती होऊन, बंद पडणारा रेल्वेमार्ग भविष्यात पुन्हा रेल्वेसाठी लागू शकेल या भूमिकेतून राखून ठेवावा आणि तोपर्यंत त्यावर ट्रेल चालवावी, अशी सोय झाली. ही वरवर किरकोळ वाटणारी तरतूद निर्णायक होती. रेल्वेने अनेक ठिकाणी जमीन खरेदी केलेली नसते, तिला केवळ वहिवाटीचा हक्क मिळालेला असतो, आणि मार्ग कायमचा सोडून दिला की तो हक्क संपून जमीन शेजारच्या जमीनधारकाकडे परत जाते. मार्ग ‘सोडून दिलेला’ नसून ‘राखून ठेवलेला’ आहे असे कायद्याने म्हटले की पट्टी तुटत नाही. अर्थात, ज्या धारकाच्या आजोबांनी आगगाडीसाठी वाट दिली होती त्याला दारासमोरून सायकली गेलेल्या का चालाव्यात, हा प्रश्न अप्रामाणिक नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनात्मक ठरवतानाच अशा धारकांना भरपाईचा दावा लावण्याची वाट मोकळी ठेवली. वेस्टर्न मेरीलँडचा मार्ग मात्र या दुरुस्तीच्या आठ वर्षे आधीच बंद झालेला असल्याने तेथे कायद्यापेक्षा खरेदीखतेच अधिक उपयोगी पडली.

कॉनल्सव्हिलच्या खाली, मकीस्पोर्टपर्यंत, पट्टी दुसऱ्या कंपनीची होती. पिट्सबर्ग अँड लेक इरी रेल्वेच्या या ४३ मैलांच्या खरेदीसाठी १९९१ मध्ये रीजनल ट्रेल कॉर्पोरेशन ही स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. येथपर्यंत चित्र असे होते की राज्याचे उद्यान एका तुकड्यावर, काउंटी दुसऱ्यावर, ना-नफा संस्था तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाच्या तुकड्याला वेगळे नाव.

सातांची मोट

१९९५ मध्ये वाटेवरच्या सात संघटनांनी एकत्र येऊन ॲलेगेनी ट्रेल अलायन्स स्थापन केली. लिंडा मॅकेना बॉक्स यांनी अनेक वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. या महासंघाने सदस्य संस्थांची जमीन आपल्या नावावर करून घेतली नाही आणि त्यांचे स्वयंसेवकही आपल्या अमलाखाली आणले नाहीत; धर्मादाय प्रतिष्ठानांकडे, अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यांकडे आणि दोन राज्यांच्या खात्यांकडे सात अर्जांऐवजी एकच अर्ज जाईल एवढे त्याने पाहिले. देणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो. बारा मैलांच्या गावकी वाटेला मदत करणे आणि दोन महानगरांना जोडणाऱ्या मार्गातला एक दुवा सांधणे, ही एकाच खर्चाची दोन वर्णने असली तरी दुसऱ्यावर सही लवकर होते.

नाव ठरायला मात्र सहा वर्षे लागली. यॉकिगेनी रिव्हर ट्रेल, ॲलेगेनी हायलँड्स ट्रेल, स्टील व्हॅली ट्रेल अशी नावे लोकांच्या तोंडी बसलेली होती, आणि ज्याने दहा वर्षे झुडपे तोडून वाट मोकळी केली त्याला आपल्या नावाचे ममत्व असणारच. २००१ मध्ये ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ हे नाव ठरले आणि जुनी नावे तुकड्यांपुरती चालू राहिली. त्याच वर्षी मायर्सडेल ते मकीस्पोर्ट हे शंभर मैल सलग झाले. मैलांचे दगड एकाच क्रमाने, कंबरलँडला शून्य धरून, लागले. वरकरणी ही सजावट वाटेल. पण पाय मुरगळलेल्या माणसाने फोनवर मैलाचा आकडा सांगितला की रुग्णवाहिका कोणत्या काउंटीची यायची हे त्या आकड्यावरून ठरते.

निधीचा मोठा भाग सार्वजनिक होता. १९९१ च्या केंद्रीय भूपृष्ठ वाहतूक कायद्याने महामार्गांच्या पैशातला काही वाटा पादचारी व सायकल मार्गांसाठी राखून ठेवला; अशा योजनांत केंद्राच्या ऐंशी टक्क्यांना स्थानिक वीस टक्क्यांची जोड द्यावी लागते, आणि ती जोड अनेकदा धर्मादाय प्रतिष्ठानांकडून आली. या पैशातून जुनी अवाढव्य बांधकामे पुन्हा वापरात आली. मायर्सडेलजवळचा १,९०८ फूट लांबीचा सॅलिसबरी पूल १९९८ मध्ये खुला झाला. दरीच्या तळाशी नदी, चालू रेल्वेमार्ग आणि महामार्ग, आणि त्या सर्वांच्या शंभर फूट वरून कठड्याच्या आतून सायकली जातात. २००६ च्या अखेरीस वाट कंबरलँडला पोचली. २००७ मध्ये रेल्वेमार्गांवरच्या ट्रेलसाठी देशपातळीवर सन्मानयादी सुरू झाली तेव्हा पहिला मान याच वाटेला मिळाला.

डोंगरातले मैल लवकर झाले आणि शहरातले रखडले, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला उलटी वाटेल. मकीस्पोर्टच्या पुढे मोनोंगाहेला नदीचा काठ म्हणजे शतकभर पोलाद कारखान्यांचा काठ. ड्यूकेन आणि होमस्टेडचे कारखाने बंद पडले होते, पण मालवाहू गाड्या चालू होत्या आणि भूखंडांचे मालक अनेक होते. रेल्वेमार्गांवरून पूल बांधून वाट न्यावी लागली. शहरात वितळलेले लोखंड वाहून नेण्यासाठी बांधलेला हॉट मेटल ब्रिज २००७ मध्ये पादचारी आणि सायकलींना खुला झाला, पण त्याच्या अलीकडे एका वॉटरपार्कलगतचा सुमारे एक मैलाचा तुकडा तेवढा बाकी राहिला आणि तो २०१३ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. पहिल्या खरेदीपासून शेवटच्या मैलापर्यंत पस्तीस वर्षे गेली आणि एकूण खर्च सुमारे ८ कोटी डॉलर झाला.

पाणी, कच आणि माणसे

वाट झाली म्हणजे काय झाले, हे समजण्यासाठी तिचा छेद पाहावा लागतो. शहरातले डांबरी टप्पे सोडले तर पृष्ठभाग बारीक चुनखडीचा आहे: रेल्वेच्या जुन्या खडीच्या भरावावर चुनखडीची कच पसरून, पाणी मारून, रोलरने दाबलेली. नीट दाबलेली कच जवळजवळ डांबरासारखी घट्ट होते, पायांना मऊ लागते, पावसाचे पाणी थोडे जिरवते आणि डांबरापेक्षा स्वस्तात पसरता येते. तिचा शत्रू एकच, वाहते पाणी. वाटेच्या मधला फुगवटा झिजला की पाणी कडेला न जाता वाटेवरूनच धावते, बारीक कण वाहून जातात, खालचे टोकदार दगड उघडे पडतात आणि सायकलीचे चाक घसरू लागते. बाजूचा चर पानांनी भरला, मोरीच्या तोंडाशी ओंडका अडकला किंवा साइडपट्टी गवताने उंच झाली, की एका पावसात काही हजार डॉलरची कच नदीत जाऊ शकते. म्हणून या वाटेची देखभाल म्हणजे मुख्यतः मोऱ्या उपसणे आणि चर साफ करणे. ज्याला हे काम दिवाळीआधी शेतबांधाचे पाणी वळवण्याइतके स्वाभाविक वाटते, तोच माणूस येथे हवा.

त्यापुढची कामे ऋतूंप्रमाणे येतात. हिवाळ्यात गोठणे आणि वितळणे आलटून पालटून चालू राहिल्याने कड्यांतले दगड सुटतात. वसंतात पडलेली झाडे करवतीने कापून बाजूला करावी लागतात. उन्हाळ्यात नदीकाठी जपानी नॉटवीड नावाचे परदेशी झुडूप माणसाच्या डोक्यावर वाढते आणि ते वर्षानुवर्षे कापल्याशिवाय दृष्टिपथ मोकळा राहत नाही. या खोऱ्यात कोळशाच्या जुन्या खाणी आहेत आणि त्यांतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी काही ठिकाणी वाटेशेजारच्या खडकांवर लोहाचा तांबडा थर चढवते. प्रवासी थांबून त्याचे छायाचित्र काढतात. ट्रेल राखणाऱ्याला मात्र हे पाणी आपल्या चरात किती येते याची चिंता असते, कारण खाण खोदणारी कंपनी कधीच इतिहासजमा झालेली असते.

आता किंमतीचा मुद्दा. मालकी तुकड्यांत असल्यामुळे पृष्ठभागाचा दर्जाही तुकड्यांत राहतो. एका काउंटीकडे ग्रेडर (पृष्ठभाग सपाट करणारे यंत्र) आणि कर्मचारी आहेत, शेजारच्या संस्थेकडे निवृत्त माणसांची श्रमदानाची तुकडी आणि एक गवत कापण्याचे यंत्र. दुसरे असे की नवे मैल बांधायला पैसा मिळतो, जुने मैल राखायला तो मिळत नाही. कोणत्याही दात्याला फलकावर नाव हवे असते आणि उपसलेल्या मोरीवर फलक लागत नाही. केंद्रीय योजनांपैकी रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम ही जुन्या वाटांच्या देखभालीलाही पैसा देणारी मोजक्यांपैकी एक आहे. तिचा उगमही मासलेवाईक आहे: बर्फावरच्या आणि रानातल्या मोटारगाड्यांच्या इंधनावर भरलेला कर त्यात येतो, आणि त्यातले किमान तीस टक्के मोटारविरहित वाटांसाठी राखीव असतात. ज्या गाड्यांना या वाटेच्या बहुतांश लांबीवर प्रवेश नाही, त्यांच्या इंधनातून अशा वाटांच्या मोऱ्या उपसल्या जाऊ शकतात.

स्वयंसेवकांविषयी अमेरिकन लेखनात फार गोड बोलले जाते. त्यांच्याशिवाय ही वाट उभी राहिली नसती हे खरे आहे. पण नव्वदच्या दशकात चाळिशीत असलेला माणूस आज सत्तरीत आहे, आणि पूल तपासणे, बोगद्याचे अस्तर पाहणे, दरड हटवणे ही कामे उत्साहावर चालत नाहीत. त्यांना अभियंता आणि वार्षिक तरतूद लागते. महासंघाचे पुढे ग्रेट ॲलेगेनी पॅसेज कॉन्झर्व्हन्सी या नावाच्या संस्थेत रूपांतर झाले, त्यामागे बांधकामाचे उद्दिष्ट संपून राखणीचे सुरू झाले ही जाणीव स्पष्ट दिसते. माझ्या मते हे रूपांतर शेवटच्या मैलाआधीच व्हायला हवे होते.

गावांचा वाटा

वाटेवरची गावे बहुतेक कोळसा, रेल्वे किंवा पोलादावर वाढलेली आणि त्यांच्यासोबतच ओसरलेली. २००७ मध्ये प्रोग्रेस फंड या विकास वित्तसंस्थेने ट्रेल टाउन नावाचा उपक्रम सुरू करून या गावांतल्या खाणावळी, सायकल दुरुस्तीची दुकाने आणि राहण्याच्या सोयी यांना कर्ज आणि सल्ला देणे आरंभले. ट्रेलपासून मुख्य पेठेपर्यंत पाटी आहे का, रविवारी दुकान उघडे असते का, ओली सायकल कुठे उभी करायची, असे साधे प्रश्न गावोगाव विचारले गेले. २००८ च्या पाहणीत वाटेवर येणाऱ्यांचा थेट खर्च वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलर निघाला, आणि २०१९ साठीच्या अभ्यासात एकूण आर्थिक परिणाम १२ कोटी डॉलरच्या वर मांडला गेला. दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून तिप्पट वाढ झाली असे म्हणणे चुकीचे होईल; पहिला खिशातून गेलेला पैसा मोजतो आणि दुसरा त्याची पुढची फिरतही. मुद्दा असा की हा पैसा खाणावळीच्या गल्ल्यात पडतो आणि मोरी उपसणाऱ्या संस्थेकडे आपोआप जात नाही. काउंटीला विक्रीकरातून काही मिळाले तरी ते वाटेवर खर्च होईलच असा नियम नाही. या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव मला येथेच दिसते.

२०१५ पासून पिट्सबर्ग–वॉशिंग्टन मार्गावरील ॲमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेसेवेच्या गाडीत सायकल न सोडवता डब्यात ठेवण्याची सोय झाली. एका दिशेने सायकल, परतताना आगगाडी, असा प्रवास त्यामुळे सोपा झाला. कंबरलँड ते फ्रॉस्टबर्ग या टप्प्यात तर वाट चालू पर्यटक आगगाडीच्या रुळांशेजारून जाते आणि ९१४ फुटांच्या ब्रश बोगद्यात दोघे एकत्र असतात. गाडी येत असेल तर सायकलस्वाराने तोंडाशी थांबायचे.

जाळे वाढत आहे. पिट्सबर्गच्या भोवतीची माँटुर ट्रेल १९८९ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या संस्थेने उभारली आहे, पश्चिमेकडे पॅनहँडल ट्रेल वेस्ट व्हर्जिनियाच्या दिशेने जाते, आणि चार राज्यांतल्या अशा वाटा मिळून पंधराशे मैलांचे जाळे विणण्याची योजना मांडली गेली आहे. प्रत्येक नवा दुवा म्हणजे नव्या मोऱ्या, नवे पूल आणि त्यांची नोंद कोणाच्या वहीत हा नवा प्रश्न.

कंबरलँडला शून्याच्या दगडापाशी दोन पद्धती समोरासमोर येतात. कालव्याकाठची वाट एकाच मालकाची, राष्ट्रीय उद्यान सेवेची आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी ती १८४.५ मैल चालून तिच्या जागी होऊ घातलेला मोटाररस्ता रोखला, आणि १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. एकच मालक असल्यामुळे तिचे नियम आणि मुक्कामाची ठिकाणे टोकापासून टोकापर्यंत सारखी आहेत. पण कालव्याशेजारच्या पोटोमॅक नदीला पूर आला की सगळी दुरुस्ती एकाच वॉशिंग्टनस्थित खात्याच्या रांगेत उभी राहते, जसे १९९६ च्या जानेवारी आणि सप्टेंबरच्या दोन पुरांनंतर झाले. पृष्ठभाग तिथे बराच काळ मातीचा होता आणि अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने दगडाची कच पसरली जात आहे. पावसानंतर पूर्वेकडून आलेल्या सायकलींच्या मडगार्डवर अजूनही काही ठिकाणचा चिखल असतो, आणि पश्चिमेकडून आलेल्यांवर चुनखडीची पांढरी धूळ.